आधी नजर, मग हाक

घोरणाऱ्या माणसाला आमच्या सर्जिकल वॉर्डात गुणी पेशंट म्हणायचे. ऑपरेशन झालेला माणूस दुपारी मस्त घोरायला लागला की ड्यूटीवरची सिस्टर खूश. दुखत नाहीये, घंटी वाजवत नाहीये, 'सिस्टर पाणी' नाही, 'सिस्टर कूस बदला' नाही. ती पडदा ओढून घेणार, पंखा जरा कमी करणार आणि बाजूच्या खाटेवरच्या नातेवाइकांना ओठांवर बोट ठेवून गप्प करणार. इतक्या गुणी पेशंटला उठवायचं पाप कोण करणार!

माझा नवरा असाच गुणी पेशंट होता. त्याला जाऊन चार महिने झाले.

मी याच हॉस्पिटलात आहे. पूर्वी वॉर्डात होते, आता नर्सेसना शिकवते, म्हणून सगळे मला टीचर म्हणतात. नवऱ्याचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, साधं, आमच्याकडे रोज होतं तसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुखायला लागलं म्हणून इंजेक्शन दिलं, तो झोपला आणि घोरायला लागला. ड्यूटीवर चिमणी होती. चिमणी हे तिचं नाव नव्हे, पण अंगाने एवढीशी आणि आवाज चिवचिव, त्यामुळे खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलंय. मुलगी कामाला चोख. वॉर्डाच्या भिंतीवर मेट्रनबाईंनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय, 'आधी हाक, मग हात'. पेशंटला हाक मारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. नियम चांगलाच आहे. एकदा एका सिस्टरने झोपलेल्या आजोबांना न सांगता सुई टोचली आणि आजोबांनी दचकून तिच्या थोबाडीत दिली, तेव्हापासूनचा.

तर चिमणी नियमाप्रमाणे गेली. "काका, कसं वाटतंय?" नवऱ्याने डोळे उघडले, "मस्त" म्हणाला. तिने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा छान आला, तिने लिहून घेतला. थोड्या वेळाने परत गेली, परत हाक, परत "मस्त", परत छान आकडा. मग घोरणं थांबलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, "सुटलो बुवा, इंजिन बंद पडलं." चहावाली मावशी कप ठेवून गेली. तो कप तसाच गार झाला.

घोरण्यातला हा आजार आहे. स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, मग मेंदू आतून धक्का देतो, माणूस घुसमटून श्वास घेतो आणि परत झोपतो. रात्रभर हेच. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. ऑपरेशननंतर अंगात भूल शिल्लक असते, वर दुखण्याचं जोरदार इंजेक्शन, मग मेंदूही आळसावतो. धक्का द्यायचा विसरतो. आणि आम्ही काय करायचो? गोड आवाजात हाक मारायचो. हाक मारली की माणूस जागा होतो, जागा झाला की श्वास घेतो, श्वास घेतला की आकडा चांगला येतो. म्हणजे आम्ही तपासायला गेलो की आजार पळायचा आणि आमची पाठ वळली की हजर. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या द्वाड पोरासारखा.

"तुम्ही नर्स ना? मग इतकी वर्षं शेजारी झोपून तुम्हाला कळलं नाही?" हे मला निदान अर्ध्या गावाने विचारलं. नाही कळलं. घोरणं हा आमच्या लेखी आजार नव्हता, नवऱ्याचा अवगुण होता. मी हे सरळ सांगते आणि विचारणाऱ्याच्या हातात चहा देते.

मी रडले नाही. ठरवून नव्हे, आलंच नाही. सासूबाई रडल्या, भाऊजी रडले, चिमणी तर इतकी रडली की तिला सलाइन लावायची वेळ आली. मी कागदांवर सह्या केल्या, कपडे घडी करून ठेवले आणि सुट्टी संपल्यावर कामावर गेले. "बाईचा दगड झालाय," असं पाठीमागे म्हणतात, ते मला ऐकू येतं. खरंच आहे. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा आपला वाटत नाही, तसं आख्खं अंग झालं होतं. चावलं तरी कळलं नसतं.

घरात उरलो तिघं. मी, सासूबाई आणि भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर. भाऊजी बस चालवतात. लग्न केलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या घोरण्याला साक्षीदार नाही, असं त्यांना वाटतं. भिंतीपलीकडे मी आहे, हे ते विसरतात. दोघं भाऊ एका साच्यातले. आखूड मान, रुंद गळा आणि खुर्चीत बसलं की डुलकी. सासूबाई तर मोठ्या कौतुकाने सांगायच्या, "माझी पोरं पाळण्यातसुद्धा घोरायची. घोरतंय ते पोर सुखी."

भाऊजींना हर्निया होता, बरीच वर्षं अंगावर काढलेला. नवरा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तो दुखायला लागला आणि डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, अडकला तर जिवावर बेतेल. ऑपरेशनची तारीख मिळाली. आमच्याच हॉस्पिटलात, त्याच वॉर्डात.

मी जेवताना सांगितलं, "भाऊजी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं की तुम्ही घोरता. मध्येच श्वास अडकतो, तेही सांगायचं."

"मी कुठे घोरतो?" भाऊजी म्हणाले.

"भिंत पडायची बाकी आहे."

"वहिनी, गंमत नाही ही. ते एकदा कागदावर आलं ना, की गाडी गेली हातातून. आमच्या डेपोत एकाचं असंच झालं. घोरतो म्हणून लिहिलं आणि बसवला भांडार सांभाळायला. मला ते नको. चार टाके पडतील, घरी येईन."

"आणि गाडीवर डुलकी लागते ती?"

"नाही लागत."

"भाऊजी, परवा तुम्ही हातात घास धरून झोपला होतात."

ते ताटावरून उठले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "याला परत आण गं बाई. एवढंच कर." मी भांडी घासायला घेतली. मला भीती वाटायला हवी होती, हे मला समजत होतं. पण भीतीसुद्धा दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलत असावं तशी वाटत होती. काम तेवढं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रनबाईंकडे गेले आणि वर्ग मागून घेतला. सर्जिकल वॉर्डाच्या सगळ्या नर्सेस, विषय स्लीप ॲप्निया. मेट्रनबाई चष्मा काढून बघत राहिल्या. "तुम्हीच घेणार? बाहेरून कुणाला बोलावू का?"

"बाहेरच्यांना ऑपरेशन करून घ्यायचं नाहीये," मी म्हणाले. "माझ्या दिराला आहे."

वर्ग दुपारी भरला. अर्ध्या पोरी ड्यूटी संपवून आलेल्या, पाय दुखत असलेल्या, तोंडावर 'आता हे काय नवीन' असं स्वच्छ लिहिलेलं. चिमणी सगळ्यात मागे, खांबाआड. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. पोरी लिहायला लागल्या की ऐकायचं बंद करतात. मी फोन काढला आणि एक आवाज लावला.

तो आवाज माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचा होता. एकदा सहलीला गेलो असताना भाऊजींनी चोरून फोनमध्ये घेतलेला. किती वर्षं तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवून हसवायचे. ज्याचं स्वतःचं घोरणं भिंतीतून येतं तो भावाचं रेकॉर्ड करतो! आपला तो बाब्या, म्हणतात ना.

वर्गात पहिल्याच झटक्याला हशा पिकला. "अय्या, ट्रॅक्टर!" कुणीतरी म्हणालं. एकीने शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून घोरायची नक्कल केली. मी हसू दिलं. मग घोरणं चढत चढत गेलं आणि तटकन थांबलं. काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. पोरी हसायच्या थांबल्या. एकीने विचारलं, "संपलं का, टीचर?" मी नकारार्थी मान हलवली. अजून काही नाही. समोरच्या बाकावरच्या मुलीने स्वतःचा श्वास धरला होता आणि तिला तो सोडवेना. मग फोनमधून घुसमटल्यासारखा मोठा घुर्र आला आणि परत ट्रॅक्टर सुरू.

आता कुणी हसलं नाही.

"घोरणं ऐकलंत ते विसरा," मी म्हणाले. "मधली शांतता ऐका. वॉर्डात आपल्याला तीच आवडते. पेशंट घोरायचा थांबला की आपण म्हणतो, बरं झालं, शांत झोपला. तेव्हाच जायचं त्याच्याकडे. आणि जाऊन लगेच गोड हाक मारायची नाही. गप्प उभं राहायचं. छाती बघायची, पोट बघायचं, पोट हलतंय आणि नाकाशी हवा नाही, असंही असतं, म्हणून नाकाशी हात धरायचा. चिमटा लावायचा तो झोपेतच, अलगद. आकडा बघायचा आणि मग हाक मारायची."

"पण नियम?" एकीने विचारलं. "आधी हाक, मग हात."

"माहितीये. मी वाचते तो रोज. जाता येता."

मग बाकीचं सांगितलं. मान जाड आहे का बघा. दिवसा डुलक्या लागतात का, सकाळी डोकं जड होतं का, झोपेत गुदमरून उठतो का, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. आणि पेशंटला विचारू नका, तो झोपलेला असतो. बायकोला विचारा, आईला विचारा, भिंतीपलीकडे जो झोपतो त्याला विचारा. संशय आला की खाटेची डोक्याची बाजू उचलून ठेवायची, पाठीवर सपाट झोपवायचं नाही, दुखण्याचं पुढचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना दोनदा विचारायचं. डॉक्टर चिडले तर चिडू देत. चिडल्याने कुणाचा श्वास थांबत नाही.

ट्रॅक्टर म्हणाली होती ती मुलगी शेवटी म्हणाली, "टीचर, तो पेशंट नंतर बरा झाला?"

खोलीत काही जणी नव्या होत्या, त्यांना माहीत नव्हतं. जुन्यांनी खाली बघितलं. खांबाआडून चिमणीचा हुंदका आला आणि ती तोंड दाबून बाहेर पळाली.

"नाही," मी म्हणाले. "पण या रेकॉर्डिंगमध्ये तो दर वेळी श्वास घेतो. परत ऐकायचंय?"

परत लावलं. मी रोज ऐकत होते, माझं काय जात होतं. दर वेळी त्या शांततेत मला वाटायचं, आता या वेळी नाही घेणार. आणि तो घ्यायचा. मला त्याचंही काही वाटायचं नाही. फक्त मी तिथे फोन बंद करत नसे, एवढं खरं.

भाऊजींनी अपेक्षेप्रमाणे भूल देणाऱ्या डॉक्टरांना काही सांगितलं नाही. "झोप कशी आहे?" तर म्हणे "उत्तम". मी बाजूलाच उभी होते. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही जात! मी म्हणाले, "डॉक्टर, हे घोरतात, श्वास अडकतो, दिवसा बसल्या जागी झोपतात. याच घराण्यातला एक माणूस तुमच्या वॉर्डात गेलाय. लिहा." डॉक्टरांनी लिहिलं. म्हणाले, ऑपरेशन पुढे ढकलता येत नाही, पण पूर्ण भूल नको, कमरेत देऊ आणि दुखण्याची औषधं बेताने.

बाहेर आल्यावर भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात."

"दिला," मी म्हणाले. "जिवंत राहा आणि शिव्या द्या."

ते ऑपरेशनच्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाई मधल्या मध्ये निरोप पोचवायच्या. "वहिनीला विचार टॉवेल कुठाय." टॉवेल माझ्या हातात असायचा.

त्या आठवड्याला वॉर्डात दुपारच्या ड्यूटीला चिमणी होती. मेट्रनबाईंनी विचारलं, "बदलू का? दुसरी देते." मी म्हणाले, "तीच असू दे." मी चांगुलपणाने म्हणाले नाही. जिला एकदा चटका बसलाय ती तव्याकडे नीट बघते, इतका साधा हिशोब.

ऑपरेशन छान झालं. भाऊजींना वॉर्डात आणलं, खाटेची डोक्याची बाजू उचलून ठेवली. भेटायची वेळ होती. बाकीच्या खाटांभोवती नातेवाईक, डबे, सफरचंदं, कुणाचं तरी लहान पोर खाटेखाली शिरलेलं. भाऊजी दुखतंय म्हणाले, बेताचं औषध दिलं, आणि ते घोरायला लागले. आख्ख्या वॉर्डाने माना वळवल्या. एक बाई पदराआड हसली. चिमणीने पडदा ओढला नाही. मीच शेजारच्या रिकाम्या खाटेच्या पडद्याआड जाऊन उभी राहिले. मला समोर उभं राहवेना.

आणि घोरणं थांबलं.

हसणाऱ्या बाईने "झोपले बाई शांत" असं म्हटलं. तोच सूर, वर्षानुवर्षं आम्ही म्हणायचो तोच. मी वर्गात इतकं शिकवलं होतं, आणि आता माझे पाय फरशीला चिकटले. मला सगळं माहीत होतं. काय करायचं, कुठला हात कुठे ठेवायचा, सगळं. मी पडद्याचं कापड मुठीत धरून उभी राहिले आणि फोनमध्ये वाट बघावी तशी वाट बघत राहिले. आता घेईल. आता घेईल.

चिमणीच्या चपलांचा आवाज आला. ती खाटेपाशी आली आणि बोलली नाही. ही पोरगी, जी भिंतीशीसुद्धा 'कशी आहेस' म्हणून बोलेल, ती एक शब्द बोलली नाही. पडद्याच्या फटीतून मला तिचा चेहरा दिसत होता, पांढरा पडलेला. ती छातीकडे बघत होती. मग वाकून तिने हात नाकाशी धरला. हाक न मारता भाऊजींचं बोट उचललं आणि चिमटा लावला. आकडा बघितला. आकडा खाली येत होता, ती बघत राहिली, एवढंच की खात्री व्हावी, आणि मग जी काय ओरडली!

"काका! काका, श्वास घ्या! डॉक्टर! पहिल्या खाटेपाशी या, आत्ता!"

त्या एवढ्याशा मुलीने तो आडदांड माणूस खांद्याला धरून कुशीवर केला, हनुवटी वर उचलली. भाऊजींनी गुदमरून मोठा श्वास घेतला. सफरचंदं घरंगळली. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लागला, नंतर भाऊजींना अतिदक्षता विभागात हलवून तोंडावर हवेचं मशीन लावलं. औषध बदललं.

भाऊजी पुरते जागे झाले तेव्हा पहिलं वाक्य बोलले ते, "जरा डोळा लागला होता तर किती आरडाओरडा!" आणि मग माझ्याकडे बघून, किती दिवसांनी, "वहिनी, मी घोरत होतो का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही गप्प होतात."

त्यांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी माझा हात धरून ठेवला. बाहेर पायऱ्यांवर चिमणी बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "टीचर, मी आधी हाक नाही मारली," ती म्हणाली. मी म्हणाले, "हो गं. बघितलं मी." तिला मिठी मारावी असं वाटलं, पण अंग हललं नाही. मी तिला माझ्या डब्यातलं अर्धं दिलं. तिने खाल्लं.

तपासणीत आजार निघाला, चांगला दणकट. भाऊजींना झोपताना लावायचं मशीन मिळालं, नाकावर मुखवटा, त्यातून हवा. डेपोने सध्या गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवलंय. मशीन नीट वापरलं तर डॉक्टर परत गाडीवर जायचं पत्र देणार आहेत. तोपर्यंत भाऊजी तोंड फुगवून असतात आणि मला 'घोरण्याची डॉक्टर' म्हणतात. म्हणोत.

घरी आले त्या पहिल्या रविवारी दुपारी जेवून मशीन लावून झोपले. मशीन लावलं की घोरणं बंद. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी ओटा पुसत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, तो घोरत नाहीये."

"मशीन आहे आई. त्याने घोरत नाही माणूस."

"पण आवाजच नाही. काहीच नाही."

मी हात पुसले आणि त्यांना घेऊन भाऊजींच्या खोलीत गेले. हाक मारली नाही. सासूबाईंना खाटेशेजारी खुर्चीत बसवलं, त्यांचा हात धरून भाऊजींच्या पोटावर ठेवला, दुसरा नाकाच्या मुखवट्याच्या कडेशी, जिथून हवा सुटते तिथे. "आवाज ऐकू नका. हात ठेवा. लागतंय ना?"

पोट वर आलं, खाली गेलं. परत वर आलं. सासूबाईंचा हात त्याच्याबरोबर वरखाली होत होता. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "असा हात ठेवला असता, तर मोठ्याचं कळलं असतं का गं?"

नाही म्हणता आलं असतं. म्हातारं माणूस आहे, नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं.

"हो आई," मी म्हणाले. "कळलं असतं."

त्यांनी मान हलवली. हात काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू जा, पड जरा. दमलीस. मी आहे इथे हात ठेवून."

मी आमच्या खोलीत गेले आणि खाटेच्या माझ्या बाजूला आडवी झाले. दुसऱ्या बाजूवर हात ठेवला. चादर गार होती, सपाट होती, आणि हाताखाली काही वर आलं नाही. तेव्हा मला रडू आलं. मोठ्याने, तोंड उघडून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. सासूबाई भाऊजींच्या पोटावरचा हात काढून आल्या नाहीत, आणि भाऊजी काही उठले नाहीत.